शब्दांची गाठ कशी बांधावी, कशी सोडावी
(सामासिक शब्दांचा एक पाठ)

विद्यार्थी मित्रहो, पालकहो आणि विश्वस्त मंडळींनो,



या अंकातील आमचा पाठ व्याकरणाचा आहे. व्याकरण म्हटले की पान उलटण्याची इच्छा होते, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. त्या कुटुंबाच्या संमतीनेच सांगत आहोत.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आपण सर्व विद्यार्थ्यांना एक काम दिले होते. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीस मराठीत एक पोस्टकार्ड लिहावयाचे. आठवीतील एका विद्यार्थ्याने नागपूरच्या आजीला पत्र लिहिले. परीक्षा, फराळ, किल्ला असे सगळे लिहून झाल्यावर शेवटी त्याने लिहिले, "बाबांनी मागच्या आठवड्यात राजीनामा केला. आता आई खुश आहे." आजींनी कार्ड वाचले आणि त्यांचा धीर सुटला. मुलाने चांगली नोकरी सोडली, आपल्याला कळवलेही नाही, आणि सूनबाई खूश आहे! दोन दिवस त्यांनी कोणाला काही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी रात्री फोन केला तेव्हा रडू आवरेना.

प्रत्यक्षात घडले होते ते एवढेच. शेजाऱ्यांशी सामाईक भिंतीवरून कोर्टात जुना वाद चालू होता, तो लोक अदालतीत आपसांत मिटला. आपल्या मध्य प्रदेशात कोर्टकचेरीच्या हिंदीत अशा तडजोडीला 'राज़ीनामा' म्हणतात. मुलाने घरात हाच शब्द ऐकला आणि पत्रात लिहिला. चूक मुलाची म्हणावी, तर शब्द खरा होता. आजींची म्हणावी, तर त्यांनीही अर्थ बरोबरच लावला होता. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी वा पद सोडल्याचे पत्र. कार्ड लिहावयास आम्हीच सांगितले होते, तेव्हा हा पाठ देण्याची जबाबदारीही आमचीच.

१. गाठीत काय लपते?

राजी म्हणजे संमत, नामा म्हणजे लेख. दोन पदे जोडली की 'राजीनामा' झाला. पण कोण राजी झाले आणि कशाला, हे शब्दात कुठेच लिहिलेले नाही. हिंदीने मानले, 'दोन्ही पक्ष राजी झाल्याचा लेख'. मराठीने मानले, 'आपल्या राजीखुशीने पद सोडल्याचा लेख'. पदे तीच, गाठ तीच, पण गाठीच्या आत दडलेले वाक्य निराळे. हे दडलेले वाक्य उलगडून सांगणे म्हणजे विग्रह, आणि असा जोडून तयार झालेला शब्द म्हणजे सामासिक शब्द.

एक सोपे उदाहरण घेऊ. 'गाडी' हे पद शेवटी ठेवा आणि आधी वेगवेगळी पदे जोडा.

बैलगाडी: बैल ओढतात ती गाडी.
मालगाडी: माल वाहून नेणारी गाडी. येथे माल ओढत नाही!
हातगाडी: हाताने ढकलावयाची गाडी.
बाबागाडी: लहान बाळाला बसविण्याची गाडी.
आगगाडी: आगीच्या जोरावर चालणारी गाडी.

पाचही शब्दांत 'गाडी' हीच मुख्य वस्तू. पहिल्या पदाचे तिच्याशी नाते मात्र पाच प्रकारचे. ते नाते दाखविणारे शब्द (ओढतात, नेणारी, ढकलावयाची) आपण गाळून टाकले. भाषा बोलणाऱ्यांनी ते मनात ठेवले आहेत, म्हणून गाळून चालते. ज्याच्या मनात ते नाहीत, त्याची मात्र त्या आजींसारखी फसगत होते.

आणखी एक उदाहरण आपल्या भोपाळच्या सकाळचे. 'कांदेपोहे' म्हणजे कांदा घालून केलेले पोहे. 'पोहे-जिलबी' म्हणजे पोहे आणि जिलबी. पोहे घालून कोणी जिलबी करत नाही. खाणाऱ्याला हे सांगावे लागत नाही, परंतु परक्या माणसाला सांगावे लागेल.

२. मुख्य कोण?

समासाचे प्रकार पाठ करण्याआधी एकच प्रश्न विचारावा. या दोघांत मुख्य कोण?

पहिले पद मुख्य असेल तर अव्ययीभाव. उदा. यथाशक्ती, दररोज, आजन्म.
दुसरे पद मुख्य असेल तर तत्पुरुष. उदा. राजपुत्र, देवघर, तोंडपाठ, पोळपाट. वरच्या सगळ्या गाड्या याच रांगेत.
दोन्ही मुख्य असतील तर द्वंद्व. उदा. आईवडील, बरेवाईट, मीठभाकर.
दोन्ही नसून तिसराच कोणी मुख्य असेल तर बहुव्रीही. उदा. गजानन. येथे गजही मुख्य नाही, आननही नाही. ज्याचे आनन गजाचे आहे तो गणपती मुख्य.

येथे आपल्या विद्यार्थ्यांचा एक नेहमीचा घोटाळा होतो. हिंदीच्या तासाला समासाचे सहा भेद शिकवतात आणि मराठीच्या तासाला चार. मुले विचारतात, "सर, खरे किती?" आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. जबलपूरचे पं. कामताप्रसाद गुरू यांचे 'हिंदी व्याकरण' (१९२०) आम्ही आधी वाचले. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) पुढे शिक्षक झाल्यावर हातात आले. त्यामुळे हा गोंधळ आम्ही स्वतः अनुभवला आहे. उत्तर सोपे आहे. हिंदीच्या शालेय पुस्तकांत कर्मधारय आणि द्विगू हे स्वतंत्र भेद मोजतात, मराठीत ते तत्पुरुषाच्या पोटात ठेवतात. कारण महादेव (महान असा देव) आणि नवरात्र (नऊ रात्रींचा समूह) यांतही दुसरे पदच मुख्य. घर एकच आहे, खोल्या मोजण्याची पद्धत निराळी. परीक्षेत ज्या विषयाचा पेपर, त्याचीच पद्धत लिहावी.

३. तर्काने घडवलेली एक भाषा

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी संगणक क्षेत्रात आहे. गेल्या वर्षी भेटायला आला, तेव्हा त्याने आम्हांस 'लोज्बान' नावाच्या भाषेची ओळख करून दिली. ही कोणा देशाची भाषा नव्हे, माणसांनी बसून मुद्दाम रचलेली. अमेरिकेत जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ साली 'लॉगलॅन' या तर्कशुद्ध भाषेचे काम सुरू केले. त्यातूनच १९८७ साली लोज्बानची शाखा निघाली. तिचे मूळ शब्द तेराशेहून अधिक आहेत आणि ते चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन व अरबी या सहा भाषांतील ध्वनी एकत्र करून ठरविलेले आहेत. सहांत हिंदी आहे, हे ऐकून आम्हांस आनंद वाटला.

प्रत्येक मूळ शब्द रोमन लिपीत पाच अक्षरांचा. मोठे शब्द करावयाचे तर पाच-पाच अक्षरे जोडत बसणे जड होईल, म्हणून पुष्कळ मूळ शब्दांना तीन अक्षरांची लहान रूपे दिली आहेत. समास या लहान रूपांचा करतात. 'गेर्कु' म्हणजे कुत्रा, 'झ्दानि' म्हणजे घर. लहान रूपे 'गेर्' आणि 'झ्दा'. झाला समास 'गेर्झ्दा', म्हणजे कुत्र्याचे घर. आपल्या तत्पुरुषाप्रमाणेच मुख्य पद शेवटी. भाषेचे नावही असेच बनले आहे. 'लोग्जि' म्हणजे तर्कशास्त्र, 'बांगु' म्हणजे भाषा, मिळून लोज्बान. मराठीत म्हणावयाचे तर तर्कभाषा. योगायोग पाहा, याच नावाचा केशवमिश्रांचा न्यायशास्त्रावरील संस्कृत ग्रंथ आपल्याकडे कित्येक शतके शिकविला जात आहे.

या भाषेचे दोन नियम आम्हांस विशेष वाटले. पहिला असा. दोन शब्द नुसते शेजारी ठेवले, 'गेर्कु झ्दानि', तर नाते मोकळे असते. कुत्र्याचे घर, कुत्र्याच्या आकाराचे घर, काहीही असू शकेल. पण एकदा जोडून एक शब्द केला की त्याचा अर्थ एकच ठरवावा लागतो आणि तो कोशात लिहावा लागतो. दुसरा नियम असा. कोणत्याही दोन मूळ शब्दांचे लहान रूप सारखे असता कामा नये, म्हणजे शब्द ऐकताच तो कशाकशाचा बनला आहे हे सांगता येते. जोडताना व्यंजने एकमेकांवर आपटत असतील तर मध्ये आपल्या 'अ'सारखा एक स्वर घालतात. आपला संधी याच्या उलट चालतो. विद्या + आलय = विद्यालय, यात दोन 'आ' मिसळून एक झाले. आपण सांधा लपवतो, ते सांधा दाखवतात.

४. आपल्याही शब्दांना लहान रूपे आहेत

माजी विद्यार्थी गेल्यावर आम्ही विचार करू लागलो, की ही लहान रूपांची युक्ती आपल्याकडे नाही का? आहे, आणि ती आपल्या आजी-पणजींनी कोणतीही समिती न बसवता केली आहे.

'पाणी' हा शब्द घ्या. समासात त्याचे 'पाण' होते. पाणवठा, पाणलोट, पाणबुडी, पाणचक्की, पाणपोई, पाणकोंबडी. 'घोडा'चे 'घोड' होते. घोडदौड, घोडदळ, आणि आपण सगळे करतो ती घोडचूक. 'फूल'चे 'फुल' होते. फुलपाखरू, फुलझाड, फुलदाणी. 'पोळी'चे 'पोळ' होते, म्हणून पोळपाट. 'दोन'चे 'दु' होते, दुमजली, दुपदरी. 'तीन'चे 'ति', तिमाही. 'चार'चे 'चौ', चौकोन, चौरस्ता.

हिंदीतही हीच युक्ती आहे, पण माप निराळे. हिंदी पहिला दीर्घ स्वर आखडता घेते. पानी, पनघट. हाथ, हथकड़ी. कान, कनटोप. घोड़ा, घुड़दौड़. मराठी तसे सहसा करत नाही. आपली हातकडी, कानटोपी, घोडदौड. आपल्या मोठ्या तलावावर काळा पक्षी पंख पसरून उन्हात बसतो. त्याला हिंदीत पनकौआ आणि मराठीत पाणकावळा म्हणतात. पक्षी एक, शब्दाची घडण एक, माप दोन. हा तलाव भोज पाणथळ क्षेत्राचा भाग म्हणून २००२ साली रामसर यादीत गेला. 'पाणथळ' हाही त्याच 'पाण'चा शब्द, लक्षात आले ना?

आता लोज्बानचा दुसरा नियम आठवा. हिंदीत पनघट 'पानी'पासून आणि पनवाड़ी 'पान'पासून. लहान रूप दोघांचे 'पन'. मराठीत मात्र 'पाण' पाण्याचे आणि 'पान' पानाचे. पाणकोंबडी पाण्यातली, पानकोबी पानांची. दोघांना वेगळे ठेवणारे अक्षर एकच, 'ण'. आपली भोपाळची मुले 'ण'च्या जागी सर्रास 'न' म्हणतात, 'पानी', 'पानबुडी', आणि आम्ही मोठेही हसून सोडून देतो. तो नुसता उच्चाराचा दोष नाही. त्या एका अक्षराबरोबर शब्दांचे सबंध कुटुंब ओळखण्याची खूण जाते. पालकांनी कृपया घरी याकडे लक्ष द्यावे. रागावू नये, फक्त पुन्हा म्हणवून घ्यावे.

५. एका घराचे दोन शब्दकोश

मराठीत शब्द घडविण्याचे काम जुने आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश तयार झाला. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सरनौबत 'सेनापती' झाले. सेनेचा पती, तो सेनापती. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी रेल्वे सुरू झाली, तेव्हा लोकांनी स्वतःच तिला आगगाडी म्हटले आणि वाफेच्या जहाजाला आगबोट. 'आग' आपली, 'बोट' इंग्रजी, आणि गाठ पक्की. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात (१९२४ ते १९३७) स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली. महापौर, दूरध्वनी, हुतात्मा, दिग्दर्शक असे पुष्कळ शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात.

आता आपल्या कुटुंबांच्या इतिहासाकडे येऊ. १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि तेथे हिंदी व मराठी दोन्हींचा कारभार होता. डॉ. रघुवीर (१९०२-१९६३) हे थोर भाषाशास्त्रज्ञ तेव्हा नागपुरात राहून कारभाराचे व शास्त्राचे शब्द संस्कृतच्या आधारे घडवीत होते. त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली निघाला. त्यांची रीत समासापेक्षा उपसर्ग-प्रत्ययांची अधिक होती. एका 'विधान'पासून संविधान, विधायक, विधेयक अशी सगळी भावंडे शेजारी उभी करावयाची. त्यांच्या अशा शब्दांची पुष्कळ थट्टा झाली. 'लोहपथगामिनी' हा आगगाडीसाठीचा शब्द थट्टेतच गाजला, तो कोणी तिकीट काढताना वापरला नाही. पण विधेयक आणि विधायक आज रोजच्या बातमीत आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे राज्य झाले, भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. नागपूर आधी मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात गेले. त्याच वर्षी महाराष्ट्रात भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ साली त्याचा पदनाम कोश निघाला. म्हणजे एकाच घरातील एक भाऊ तिकडे राहिला, एक इकडे आला, आणि दोघांच्या मुलांना दोन सरकारांनी दोन शब्द दिले. तिकडे विद्यापीठ, इकडे विश्वविद्यालय. तिकडे नगरसेवक, इकडे पार्षद. तिकडे रुग्णालय, इकडे चिकित्सालय. तिकडे वृत्तपत्र, इकडे समाचारपत्र. तिकडे दूरध्वनी, इकडे दूरभाष.

या जोड्या निराळ्या दिसतात, म्हणून त्या धोक्याच्या नाहीत. मुलगा 'चिकित्सालय' म्हणाला तर आजी फार तर "म्हणजे दवाखाना ना?" असे विचारेल. धोका सारख्या दिसणाऱ्यांचा. राजीनाम्याची गोष्ट वर सांगितली. दुसरी आमची स्वतःची. नव्याने मुख्याध्यापक झालो तेव्हा आम्ही प्रगतिपुस्तकावर मराठीत छापून घेतले, 'पालकांनी येथे हस्ताक्षर करावे.' एका आजोबांनी त्या जागेत सुंदर वळणदार अक्षरात दोन ओळी लिहून पाठविल्या आणि खाली विचारले, "अक्षर ठीक आहे का? सही कोठे करावयाची?" आम्ही ओशाळलो. हिंदीत हस्ताक्षर म्हणजे सही. मराठीत हस्ताक्षर म्हणजे हाताचे वळण, आणि सहीला म्हणावयाचे स्वाक्षरी. दोन्हींचा विग्रह 'हाताने लिहिलेले अक्षर' असाच होतो. हिंदीने त्यातून फक्त नावापुरते अक्षर घेतले. दुसऱ्या वर्षी आम्ही छपाई दुरुस्त केली. ते जुने प्रगतिपुस्तक मात्र आम्ही जपून ठेवले आहे.

आम्ही येथे हिंदीला उणे लेखत नाही. आमचे अन्न, शिक्षण आणि निम्मे आयुष्य हिंदीचे आहे. सांगावयाचे इतकेच की दोन भाषांत राहणाऱ्या मुलाला दोन्हींच्या गाठी सोडता आल्या पाहिजेत. नाहीतर तो शब्द नुसते इकडून उचलून तिकडे ठेवतो, आणि कधी तरी कोणाची झोप उडते.

६. नवा शब्द घडवावा कसा?

गाठ सोडता येऊ लागली की बांधताही येते. आम्ही वर्गात पाच गोष्टी सांगतो.

(अ) आधी जुना शब्द शोधा. तहानलेल्यास पाणी देण्याच्या जागेला मराठीत 'पाणपोई' हा गोड शब्द असताना 'शीतजलप्राप्तिस्थान' रचण्याचे कारण नाही.

(आ) मुख्य वस्तू शेवटी ठेवा. वाचनकक्ष म्हणजे कक्ष, कक्षवाचन म्हणजे वाचन.

(इ) विग्रह एका छोट्या वाक्यात सांगता आला पाहिजे. सांगताना अडखळलात तर ऐकणारा पडेलच.

(ई) होता होईल तो पदे एका गोत्राची घ्या. संस्कृतला संस्कृत, मराठीला मराठी. गणेश + उत्सव = गणेशोत्सव येथे संधी शोभतो. पण नियमाला अपवाद आहेत. 'जिल्हा' अरबी, 'अधिकारी' संस्कृत, आणि 'जिल्हाधिकारी' आज सगळ्या महाराष्ट्राचा कारभार पाहतो! लोकांनी स्वीकारले की सोयरीक जमते.

(उ) तोंडात बसला पाहिजे. तिसरीतील मुलाला एका दमात म्हणता आला नाही तर तो शब्द फळ्यावरच राहील.

परका शब्द सरळ घ्यावा की नवा घडवावा, हा प्रश्न आपल्या शहरात आजही जिवंत आहे. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्येच वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांत अनेक इंग्रजी संज्ञा तशाच नागरी लिपीत ठेवल्या आहेत. कोणी म्हणाले ठीक केले, कोणी म्हणाले मग हिंदी कसली. आम्हांस वाटते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ज्या शब्दाचा विग्रह मुलाला समज देतो, तो घडवावा. जो केवळ नाव आहे, तो जसाच्या तसा घ्यावा.

७. विश्वस्तांस एक विनंती

शाळेच्या दारांवरील पाट्या हिंदी व इंग्रजीत आहेत. रंगकाम यंदा व्हावयाचेच आहे. आमची नम्र सूचना अशी की प्रत्येक पाटीवर तिसरी ओळ मराठीची असावी आणि ती ओळ मुलांनी ठरवावी. 'पुस्तकालय'च्या खाली ग्रंथालय की वाचनालय? (विग्रह करून पाहा, दोन्हींत फरक आहे. एकात ग्रंथ राहतात, दुसऱ्यात वाचणे चालते.) 'पेयजल'च्या खाली पाणपोई शोभेल का? प्रत्येक वर्गाने एकेक पाटी घ्यावी, दोन-तीन शब्द सुचवावेत, विग्रह लिहावा, आणि पालकसभेत सर्वांसमोर वाचावा. आजी-आजोबांनाही त्या दिवशी अगत्याने बोलवावे, कारण त्यांच्याजवळचे शब्द कोणत्याही कोशापेक्षा ताजे आहेत. खर्च रंगाच्या एका जास्तीच्या डब्याचा आहे. पाटी मुलाने स्वतः ठरविली असेल तर तो तिच्याखालून जाताना ती वाचतो, एवढा आमचा अनुभव आहे.

स्वाध्याय

१) विग्रह करा: देवघर, पुरणपोळी, चौरस्ता, महोत्सव, आगपेटी, पाणलोट.
२) 'घर' हे पद शेवटी असलेले पाच शब्द लिहा. प्रत्येकात पहिल्या पदाचे घराशी नाते काय, ते एका वाक्यात सांगा.
३) 'पाण' आणि 'पान' यांनी सुरू होणारे प्रत्येकी तीन शब्द आजी-आजोबांना विचारून आणा. मोठ्याने म्हणा.
४) हिंदीत आणि मराठीत सारखा दिसणारा पण अर्थ निराळा असलेला एक शब्द शोधा. (सामासिक नसला तरी चालेल. सूचना: 'शिक्षा' आम्ही आधीच सांगून टाकतो, तो चालणार नाही.)
५) खालच्या वर्गातील मुलांसाठी: तुमच्या डब्यातील एका पदार्थाला नवे जोडनाव द्या.

उत्तरे वहीत लिहून महिनाअखेर मराठीच्या तासाला द्यावीत.

ता. क. आठवीतील त्या विद्यार्थ्याने हा पाठ वर्गात झाल्यावर आजींना दुसरे कार्ड लिहिले. त्यात त्याने तडजोड, नोकरी आणि राजीनामा हे तीनही शब्द विग्रहासह समजावून सांगितले आहेत आणि खाली स्वाक्षरी केली आहे. आजींचे उत्तर आले. त्यांनी त्याचे हस्ताक्षर सुधारल्याबद्दल शाबासकी दिली आहे.

लोभ असावा.

आपले,
मुख्याध्यापक